पेटीचं तोंड

पुणे, ४ नोव्हेंबर १९७३

अक्का,

सुखरूप पोचलो. तू बांधून दिलेले कानवले नसरापूरपर्यंतच टिकले. दोन कंडक्टरनं खाल्ले, बाकीचे कुणी खाल्ले ते विचारू नकोस.

भाऊबीजेला ओवाळताना तुला खोकल्याची उबळ आली आणि ताटातलं निरांजन विझलं, ते काही डोळ्यांपुढून जात नाही. तू हसून ‘वारा आला’ म्हणालीस. दार लावलेलं असताना वारा कुठून आला गं? भोरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की क्षय नाही, चुलीच्या धुरानं छाती भरलीय, आता धुरापाशी बसायचं नाही. तू ऐकतेयस, शेजारच्या धोंडाबाई कालवण देतायत, दाजी बिचारे भाकरी थापायला शिकले. त्यांची एक भाकरी मी खाल्ली. त्यांना सांग, भातच बरा.

पण खरी गोष्ट तू मला एसटीपाशी सांगितलीस. गीताच्या सासूबाई, अंबूबाई, म्हणतात, बाळंतपण कामथडीलाच करायचं; तुझ्याकडे बाळंतिणीला रोजचं पाणी कोण तापवणार? अंबूबाईंचं अगदीच चूक आहे असं मला म्हणवत नाही. पण गेल्या वर्षी त्याच घरात गीताचं मूल सातव्या महिन्यात गेलं आणि पोरीनं धास्ती घेतलीय. ‘आई, मला हितंच ठेव’ म्हणून ती तुझ्या गळ्यात पडून रडली, हे ऐकल्यापासून माझा पाय कामावर ठरत नाही. रॉकेल तर रेशनकार्डावरही मिळेना झालंय, नाहीतर स्टोव्हच आणून दिला असता.

म्हणून एक करतोय. आमच्या कारखान्यातल्या साहेबांनी गच्चीवर उन्हात पाणी तापवायची पेटी बसवलीय. तिचं पत्राकाम माझ्याच हातचं आहे. तसलीच तुझ्यासाठी बनवतोय. चार घागरी मावतील अशी पत्र्याची चपटी टाकी, काळ्या रंगाची. ती लाकडी पेटीत बसवायची, खाली आणि बाजूनं भाताचा कोंडा ठासून भरायचा, म्हणजे ऊब बाहेर पळत नाही. वरनं काच. सकाळी वरच्या तोंडानं पाणी ओतायचं, ऊन कलायच्या आत खालच्या तोटीनं काढायचं. धूर नाही, फुंकणी नाही.

आता नीट वाच. पेटी सपाट ठेवायची नाही, पाठ उचलून तिरकी ठेवायची. आणि काचेचं तोंड दक्षिणेला. हिवाळ्यात सूर्य त्या अंगानं खालनं जातो. मागच्या बाजूला गुडघ्याच्या वर येतील इतके दगड लाव. किती तिरकी, ते कळायला एका फळीत सरळ खिळा ठोकून पाठवतोय. भर दुपारी फळी काचेवर सपाट धर. खिळ्याची सावली पडेल. पेटी मागनं वरखाली करत राहा. सावली आखडत आखडत खिळ्यातच गडप झाली की थांब. म्हणजे पेटी सूर्याच्या डोळ्याला डोळा लावून बसली.

सर्जेरावच्या टेम्पोतून पाठवतो. गीताला सांग, मामा आहे.

तुझा
ज्ञानू


वेल्हे, २२ नोव्हेंबर

ज्ञानू,

पेटी आली. सर्जेरावानं टेम्पो वेशीपातूर आनला, तितनं फुडं गड्यांनी डोक्यावर घेतली. काचंचा एका कोपऱ्याला टवका उडालाय, बाकी शाबूत. समदी वाडी बघाया लोटली. धोंडाबाई म्हनती, ज्ञानूनं भनीला काचंची चूल धाडली, आता भाकरीबी उन्हात भाजायची का? म्या म्हनलं, भाजीन न्हाईतर काय, तुज्या पोटात का दुखतंय!

ह्यांनी गोठ्याफुडं दगडं रचून ओटा केला. कोंडा आपल्याकडं काय कमी हाय, दाबून भरला. म्या काचंला हळदकुकू लावलं, झेंडूची माळ घातली. नव्या वस्तूला तसंच कसं वापराया घ्यायचं? खिळ्याचीबी परीक्षा केली. तू लिवलंस तशी सावली आखडली आन खिळ्याच्या बुडाशी गडप झाली. हे बघतच ऱ्हायले. म्हनले, तुजा भाऊ हुशार हाय.

पानी कोमट येतंय. हाताला बरं वाटतंय. अजून चांगलं तापंल, नवीन हाय.

म्या गीताला सांगावा धाडला की मामानं पेटी धाडली. ती आता सातव्यात हाय. विहीनबाई तिला घिऊन ओटी भराया येनार हायती म्हनं, आन पानी सोता बघनार. बघू देत. पानी तापलं तर पोरीला ठिवून जाते असं त्येंच्या तोंडचं बोलनं हाय. म्या आतापासनं बाळुती शिवाया घितलीत.

तुजं जेवन कसं चाललंय? खानावळीतलं कालवान पानचट आसतंय.

अक्का


पुणे, ३० नोव्हेंबर

अक्का,

कोमट? कोमट म्हणजे काय गं? साहेबांच्या पेटीतल्या पाण्यात बोट घालवत नाही, आणि तुझं कोमट! कोमट पाण्यानं बाळंतीण न्हायची नाही.

पहिली गोष्ट, ती माळ काढ. काचेवर झेंडू पसरलेस तर ऊन आत शिरणार कुठून? हळदकुंकू लाकडाला लाव, देवाला चालतं. दुसरी, कोंडा ओला तर नाही ना भरला? बाहेर काढून खडखडीत वाळव आणि परत भर. तिसरी, टवका उडालेल्या कोपऱ्यातनं वारा जात असेल, तिथे लांबीत, काच बसवतात त्या मसाल्यात, चिंधी माखून बसव. आणि मागचे दगड आणखी वर कर. आता दिवस लहान होत चाललेत, सूर्य अजून खाली उतरलाय, त्यामुळे पेटी जास्त उभी पाहिजे. खिळ्याची परीक्षा पुन्हा घे.

मला इथनं दिसत नाही हीच पंचाईत. रजा सगळी भाऊबीजेला खाल्ली, आता फोरमन दारात उभं करत नाही. तुझ्या हातांवर आणि डोळ्यांवर माझा भरवसा आहे. विहीणबाई यायच्या आत पाणी कढत झालंच पाहिजे.

दाजींना रामराम. ओटा चांगला रचला असणार, त्यांच्या हातची शेताची दगडी ताल पावसातसुद्धा हलत नाही.

ज्ञानू


वेल्हे, १७ डिसेंबर

ज्ञानू,

विहीनबाई येऊन गेल्या. गीताला माघारी घिऊन गेल्या.

तू सांगितलंस ते समदं केलं व्हतं. माळ काढली. कोंडा वाळवला. कोपऱ्याला लांबी भरली. मागनं दगूड चढवलं, सावली परत गडप झाली. तरीबी पानी व्हतं तसंच.

दुपार कलल्यावर आल्या. म्या गीताची ओटी भरली, पुरनाचं जेवान धोंडाबाईकडनं करून आनलं. जेवून झाल्यावर विहीनबाई उठल्या ते थेट पेटीपाशी. तोटी सोडली. हातावर पानी घेतलं. मग म्हनल्या, ‘साळूबाई, यात लोनीबी वितळायचं न्हाई.’ रागानं न्हाई म्हनल्या. रागानं म्हनल्या आसत्या तर म्या भांडले आसते. हळूच म्हनल्या.

गीता माज्या पदराला धरून उभी व्हती. एवढं मोठं प्वाट घिऊन लहान पोरीवानी पदर धरला तिनं. मला दम लागला, बोलाया तोंड उघडलं तर खोकलाच आला. विहीनबाईंनी मला पानी पाजलं, पाठ चोळली, आन म्हनल्या, ‘ह्या छातीनं तुमी बाळंतपन करनार? न्हाई ओ. येकदा माज्या घरातनं लेकरू गेलंय. आता म्या कुनाच्या भरवशावर सोडनार न्हाई.’ आन घिऊन गेल्या.

तू आन तुजी पेटी! तुज्या पेटीवर आस लावली नसती तर म्या दुसरं कायतरी केलं आसतं. नंदंला बोलावलं आसतं, बाई ठिवली आसती. म्या बसले तुज्या काचंकडं बघत. माजी लेक गेली न्हवं. आता माघापातूर तिला दिस जड जानार, आन म्या हितं बाळुती शिवत बसनार. कुनासाठी शिवू?

पेटी घिऊन जा तुजी.

अक्का


पुणे, २१ डिसेंबर

अक्का,

तुझं पत्र डब्याच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच बंद केला. तू रागाव. तुझ्या रागाला जागा मीच केली. पण पेटी नेणार नाही.

मी काय केलं सांगतो. तुझ्या पेटीबरोबर मापात चुकलेली एक टाकी इथे पडली होती. तिला तसलीच पेटी केली, तसलाच कोंडा भरला, आणि गच्चीवर नेऊन ठेवली. काल दुपारी तोटी सोडली तर बोटं पोळली, चोळत खाली आलो. साहेब हसायला लागले. म्हणजे माझ्या पत्र्यात खोट नाही, कोंड्यात नाही, तुझ्या हातात तर नाहीच नाही. मग कशात आहे? रात्रभर तेच डोक्यात घोळतंय.

दोन गोष्टी विचारतो. रागात असलीस तरी उत्तर दे.

खिळ्याची सावली गडप झाली म्हणतेस, ती कुठल्या वेळेला? सकाळी, दुपारी, का दिवस कलल्यावर?

आणि काचेकडे पाठ करून उभी राहिलीस तर समोर काय दिसतं? धोंडाबाईचं घर, ओढा, का डोंगर?

एवढंच. बाळुती शिवत राहा. गीतासाठीच शिव.

ज्ञानू


वेल्हे, २९ डिसेंबर

ज्ञानू,

फुडं डोंगूर दिसतोय.

तुला खोटं लिवलं न्हाई म्या, पर खरंबी समदं लिवलं न्हाई. पेटीचं तोंड उगवतीला हाय. सकाळी डोंगरावरनं दिस वर आला की सावली बराबर गडप हुतीया. दुपारी म्या कदी बघितलंच न्हाई. तू दुपारी लिवलं व्हतंस ते वाचलं व्हतं, पर दुपारी बघितलं आसतं तर तोंड फिरवायला लागलं आसतं. म्हनून सकाळीच बघितलं. सावली गेली की झालं, असं मनाला समजावलं.

ह्येंनी दक्षिनंला ठिवू दिली न्हाई. ओटा रचतानाच म्या म्हनलं, ज्ञानूनं दक्षिन लिवलंया. तर हे दगूड खाली ठिवून बसले. म्हनले, दक्षिनंला दार ठिवत न्हाई, चूल मांडत न्हाई, तिकडं पाय करून झोपत न्हाई, आन माज्या बाळंत लेकीचं पानी यमाच्या दारात तापवू? माजी सासू गेली तवा तिचं पाय ह्येंनीच सोताच्या हातानं दक्षिनंला केलं. आन गेल्या सालची गीताची गोष्ट ऱ्हायली न्हाई का मनात? लेकरू बघितलंबी न्हाई आमी. हे कामथडीला गेले ते तिला उंबऱ्यात बघून माघारी आले, आन आल्यावर गोठ्यात जाऊन बसले ते संध्याकाळपातूर भाईर आले न्हाईत.

तूच सांग, असल्या मानसाला म्या काय बोलू? म्या येकदा म्हनलं, आवं, पेटीचं तोंड तिकडं आसंल, पर पानी काढताना माजं तोंड उत्तरंलाच न्हवं का? त्येंनी दगूड उचलून उगवतीलाच लावला. भीती आशी बोलून जात न्हाई बाबा. आन नवऱ्याची भीती भावाला कशी कळवायची? तुज्या पुन्यातल्या सायबाफुडं तू पत्तर वाचलं आसतंस आन हसला आसतास.

म्हनून गप ऱ्हायले. आता लेकबी गेली आन पानीबी गार. पेटी घिऊन जा म्हनलं ते इसर.

हितं डोंगर उगवतीला एवढा उंच हाय की दिस वर येईपातूर गुरं सोडायची येळ हुती. तवर पेटी सावलीतच आसती. आन दुपारनंतर ऊन काचंच्या पाठीमागं जातंय. हे आता तुज्या प्रश्नानं ध्यानात आलं. ह्येंनाबी म्या सांगितलं. ऐकून घेतलं, उठून बैलं सोडाया गेले.

अक्का


पुणे, ३ जानेवारी १९७४

दाजी,

रामराम. हे पत्र तुमच्या नावानं आहे. अक्का वाचून दाखवेल. वाचताना मध्ये स्वतःचं काही घालू नकोस गं अक्का.

मी हसलो नाही. साहेबांनाही सांगितलं नाही. माझ्या खोलीत कॉट एकाच भिंतीला बसते आणि तशी टाकली तर पाय दक्षिणेला येतात. म्हणून मी गेली चार वर्षं दाराच्या आड डोकं करून झोपतो आणि येणाराजाणारा माझ्या डोक्याला दार हाणतो. तेव्हा मी तुम्हाला कुठल्या तोंडानं शिकवू?

मी नुसतं मला माहीत आहे ते सांगतो. पौषात सूर्य डोक्यावरनं जात नाही, दक्षिणेच्या अंगानं जातो. हे मी ठरवलं नाही, साहेबांनीही नाही. गार दिवसांत म्हातारी माणसं पोतं टाकून कुठं बसतात ते बघा, गुरं कुठल्या भिंतीला अंग घासत उभी राहतात ते बघा. दिवसभर जिथं ऊन मिळतं ती जागा आपल्या वाडीत घरांच्या दक्षिणेलाच आहे. पेटीला तेवढंच ऊन पाहिजे.

तुम्ही म्हणाल, लेकरासाठी एवढा धोका कशाला घ्यायचा. दाजी, तुमच्या मनात जी भीती आहे तीच अंबूबाईंच्या मनात आहे. एकदा गेलेलं परत जाऊ नये. त्या पोरीला घट्ट धरून बसल्यात, तुम्ही पेटीला. मधल्यामध्ये गीता रडतेय आणि अक्का खोकतेय. मला दुसरं काही सुचत नाही.

पेटी फिरवा असं मी म्हणणार नाही. तुमच्या मनाला पटलं तर तुमच्याच हातानं फिरवा. नाही पटलं तर तिच्यात कोंबड्या ठेवा, माझं काही म्हणणं नाही.

तुमचा
ज्ञानू


वेल्हे, २० जानेवारी

मामा,

वर पत्ता बघितला का? वेल्हे! मी आईकडे आलेय. आईला लिहायला बसवलं तर ती दोन ओळी लिहून रडायला लागते आणि शाई फुटते, म्हणून मी लिहितेय. हसत वाचा.

तुमचं पत्र आईनं बाबांना वाचून दाखवलं. बाबांनी दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग घडी घालून बंडीच्या खिशात ठेवलं आणि कामाला गेले. आई म्हणते, पुढचे काही दिवस ते येताजाता उभे राहून कुठंही बघत बसायचे. धोंडाबाईंच्या सासऱ्यांच्या पोत्याकडं बघायचे, म्हशीकडं बघायचे. आईला वाटलं, ह्यांना काय झालं आता?

मग एका दुपारी आई आत कलंडली होती तर बाहेर पहारीचा आवाज आला. बाहेर येऊन बघते तर बाबा एकटेच पेटी फिरवत होते. ओटा सगळा उसकटून नवा रचला. तोंड दक्षिणेला केलं, आणि फळी घेऊन तुमचा खिळा स्वतः बघितला. आईला जवळ येऊ दिलं नाही. म्हणाले, ‘तू लांब ऱ्हा. काय व्हायचं ते मला हुंदे.’ सावली गेल्यावरसुद्धा फळी हातात धरून उभेच होते म्हणे.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी आईनं तोटी सोडली आणि ओरडली. हात पोळला. बाबा धावत आले, त्यांनी हात घातला, त्यांचाही पोळला. आई सांगते, दोघं येड्यासारखी एकमेकांकडं बघून हसत होती, आणि धोंडाबाई म्हणत होत्या, ‘आता नाचा!’

आई म्हणाली, कामथडीला पत्र टाकू. बाबा म्हणाले, ‘कागदावर कोन इस्वास ठेवतंय? पानीच दावतो.’

मामा, बाबा पाणी घेऊन आले. खरंच. घागर पेटीतल्या पाण्यानं भरली, तोंडाला फडकं बांधलं, ती मोठ्या पाटीत ठेवून भोवती कोंडा ठासला, वर पोतं, पोत्यावर आईची गोधडी, आणि पाटी डोक्यावर. दुपारच्या गाडीत बसले. कंडक्टर म्हणाला, ‘पाव्हणं, दूध हाय का? लगेजचं तिकीट काढा.’ बाबा म्हणाले, पानी हाय. ‘पानी? कामथडीत आड आटलेत व्हय?’ सगळी गाडी हसली. बाबांनी पाटी मांडीवर घट्ट धरली. मार्गासनीला गाडी पंक्चर. बाबा खाली उतरून पाटी उन्हात धरून उभे राहिले. नसरापूरला पोचेपर्यंत ऊन गेलं. तिथनं कामथडीची गाडी निघून गेलेली. मग पाटी डोक्यावर घेऊन चालत आले.

मी ओट्यावर तांदूळ निवडत होते, सासूबाई बाजूला पाखडत होत्या. दिवेलागणीला दारात बाबा. घामानं भिजलेले, धोतराला कोंडा लागलेला. रामराम नाही, बसणं नाही. पाटी सासूबाईंपुढं ठेवली आणि म्हणाले, ‘विहीनबाई, हात घाला.’

सासूबाई म्हणाल्या, ‘आवं पाव्हणं, आधी पानी तर प्या.’

बाबा म्हणाले, ‘हे बघा आधी.’ आणि गोधडी काढली, पोतं काढलं, दोन्ही हातांनी कोंडा उपसला. फडक्याची गाठ त्यांना सुटेना. मी सोडायला गेले तर मला बाजूला केलं. आणि मग बोलत सुटले. माझे बाबा, मामा! तुम्हाला ठाऊक आहे, वर्षात दहा वाक्यं बोलणारा माणूस. म्हणाले, ‘पेटी उगवतीला व्हती म्हनून पानी गार व्हतं. साळूची चूक न्हाई, ज्ञानूची न्हाई, माजी हाय. म्या भ्यालो. आता दक्षिनंला केली, माज्या हातानं. पानी तापतंय. साळूला धूर लागनार न्हाई. म्या भाकरी करीन, म्या पानी भरीन, कोंबडं आरवायच्या आधी उठीन. पोरीला न्यायला आलोय.’

सासूबाईंनी घागरीत हात घातला. मनगटापर्यंत. घातला तो काढेचनात. बाबा त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

मग त्यांनी हात झटकन बाहेर काढला आणि फुंकर मारली. ‘अगं आई गं! चटका बसला की ओ! येवढं कढत पानी डोक्यावरनं आनलंत, सांडलं आसतं म्हंजी?’ आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, ‘बघतीस काय? लुगडी भर पिशवीत. सकाळच्या गाडीनं बाबांसंगं जा. आन व्याही, लेकराचा पयला आवाज आला की सांगावा धाडायचा. मला, दुसऱ्या कुनाला न्हाई.’

बाबा ओट्यावर बसले आणि पटक्याच्या शेवानं तोंड पुसत राहिले. पुसतच राहिले.

सकाळी गाडीत मी त्यांना विचारलं, बाबा, दक्षिणेची भीती गेली का? म्हणाले, ‘न्हाई गं. पर म्या लई बघितलं. पौषात समदं ऊन तिकडंच आसतंय. तिकडं येकला यमच ऱ्हातोय आसं न्हाई.’

इथं येऊन काल मी पहिल्यांदा पेटीच्या पाण्यानं न्हाले. तोटीपाशी गार पाण्याची बादली लागते, इतकं कढत येतं. आईनं पाठ चोळली, केस धुतले, आणि सगळा वेळ बोलत होती, एकदाही खोकली नाही. आणखी महिनाभरात तुम्हाला नातू नाहीतर नात होईल. रजेचा अर्ज आत्ताच टाका.

आता एक राहिलं. बाबांना आणि आईला दाखवायचं नाही म्हणून पत्र मी स्वतः टपालपेटीत टाकणार आहे. कामथडीला त्या दिवशी सगळे लगेच जेवायला बसले तेव्हा मी घागर आत घ्यायला बाहेर आले. फडकं सारून हात घातला. मामा, पाणी कोमट होतं. आईच्या पेटीतनं पहिल्यांदा आलं होतं तसंच. एवढ्या वाटेनं निवणार नाही तर काय? मी तशीच उभी राहिले तर मागं सासूबाई. मला म्हणाल्या, ‘काय बघतीस? वत ते तुळशीला. आन बाबाला आनखी येक भाकरी वाढ, लाजून उठंल तो.’

बाबा आता वाडीभर सांगत फिरतात, घागर कामथडीपर्यंत चटका देत होती. तुम्ही आलात की तुम्हालाही सांगतील. तुम्ही व्हय म्हणा.

तुमची
गीता